नागिणोत्तर मज्जाशूल : प्रकाशोपचाराची कसोटी आणि वेदनेचे शब्द

नागीण या विकाराचे फोड सामान्यतः दोन ते चार आठवड्यांत सुकून जातात. परंतु काही रुग्णांच्या, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, जेथे फोड उठले होते त्याच पट्ट्यात वेदना मागे राहते. पुरळ उठल्यापासून तीन महिने लोटल्यावरही ती टिकून राहिली म्हणजे तिला नागिणोत्तर मज्जाशूल असे म्हणतात. या वेदनेवर कमी शक्तीच्या लेसर-प्रकाशाचा उपचार गेल्या काही दशकांपासून करण्यात येत आहे. हा विषय वैद्यकाचा. तेव्हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. ताप तापमापकाने मोजता येतो, रक्तातील साखर रसायनाने मोजता येते. वेदना मात्र रुग्णाने सांगितल्यावाचून दुसऱ्यास कळत नाही. प्रकाशाने वेदना उतरली किंवा नाही, याचा पुरावा शेवटी रुग्णाच्या शब्दांतूनच हाती यावयाचा असतो. तो शब्द नीट ऐकला गेला नाही, तर उपचाराचा निर्णयही नीट होणार नाही. भंडारा जिल्ह्याची बोली डोळ्यांसमोर ठेवून या मुद्द्याचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

१. नाव आणि विकार

‘नागीण’ हे नाव फोडांच्या सरपटत पुढे जाणाऱ्या ओळीवरून पडले, हे उघड आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील ‘हर्पीज’ या शब्दाच्या मुळाशीही हीच कल्पना आहे. ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो आला असून, तो ग्रीक धातू आणि संस्कृतातील ‘सृप्’ धातू हे एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूचे वंशज होत. संस्कृतातील ‘सप्त’ ग्रीकमध्ये ‘हेप्ता’ होतो, त्याच नियमाने येथेही स-काराच्या जागी ह-कार आला आहे. म्हणजे ‘सर्प’ आणि ‘हर्पीज’ ही भावंडे ठरतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ज्याचे वर्णन आले आहे तो ‘विसर्प’ हा निराळा व्यापक विकार असला, तरी त्याचे नावही याच धातूपासून झाले आहे. ‘झोस्टर’ या दुसऱ्या पदाचा अर्थ कमरपट्टा असा आहे. स्पॅनिश भाषक लोक या विकाराला ‘लहान साप’ या अर्थाचे नाव देतात, तर नॉर्वेजियन भाषेतील नावाचा अर्थ ‘नरकाग्नी’ असा होतो. साप, पट्टा आणि आग या तीन प्रतिमा इतक्या दूरदूरच्या समाजांत आढळाव्यात, याचे कारण विकाराचे स्वरूपच तसे आहे.

परंतु नाव जसे दाखविते तसे फसवितेही. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांस मिळाले, म्हणजे कमरेभोवती वेढा पूर्ण झाला, की रोगी दगावतो, असा समज आपल्याकडे दृढ आहे. असाच समज स्पॅनिश भाषक समाजांतही आढळतो. वस्तुस्थिती अशी की, कांजिण्यांचा विषाणू कांजिण्या बऱ्या झाल्यावरही शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी मज्जागुच्छिकांत सुप्त राहतो. वय, मधुमेह किंवा अन्य कारणांनी प्रतिकारशक्ती उणावली म्हणजे तो एखाद्या गुच्छिकेत जागा होतो आणि तिच्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. हेड आणि कॅम्पबेल यांनी १९०० साली शवपरीक्षांच्या आधारे गुच्छिकांतील ही विकृती दाखवून दिली. विषाणूच्या सुप्तावस्थेची उपपत्ती होप-सिम्प्सन यांनी १९६५ साली मांडली. एका गुच्छिकेचे तंतू शरीराच्या एकाच बाजूस पसरतात. म्हणून फोडांचा पट्टा सहसा मध्यरेषेशी येऊन थांबतो. वेढा पूर्ण होत नाही तो मंत्रामुळे नव्हे, तर शरीररचनेमुळे.

या समजाची खरी हानी वेळेच्या हिशेबात आहे. विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावे, असा दंडक आहे. नागीण उतरविण्यात आणि लेप लावण्यात हे तीन दिवस निघून गेले, तर तीव्र अवस्था लवकर आटोपण्याची संधी हातची जाते.

२. मागे राहिलेली वेदना

मज्जाशूलाची वेदना जखमेच्या वेदनेहून निराळी असते. येथे जखम भरलेली असते. संदेश वाहून नेणारे तंतूच बिघडलेले असतात. चिकित्सक या वेदनेचे तीन पदर मानतात : सतत चालणारी जळजळ, अधूनमधून येणारी तीव्र कळ, आणि एरवी न दुखविणाऱ्या स्पर्शाने उद्भवणारी वेदना. मराठीत हे तीन पदर केवळ नामांनी नव्हे, तर क्रियापदांनीही वेगळे केले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आग ‘होते’, कळ ‘येते’, चमक ‘निघते’ किंवा ‘मारते’. ‘होणे’ हे क्रियापद टिकून राहणारी अवस्था सुचविते. ‘येणे’ म्हटले की जाणेही गृहीत असते. ‘मारणे’ आले की क्षणाचा आघात अभिप्रेत असतो. तिसऱ्या पदरासाठी सुटा शब्द नाही, पण वाक्यरचना आहे : ‘नुसता कपडा लागला तरी सहन होत नाही.’ यातील ‘नुसता’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांत त्या लक्षणाची सारी व्याख्या सामावली आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईच्या कमरेवर ओल्या लुगड्याचा काठ दिवसभर घासत असेल, तर हा पदर तिची मजुरी बुडविण्यास पुरेसा होतो.

याउलट ‘ठणका’ व ‘ठसठस’ हे शब्द आपण सूज आणि पू यांच्या वेदनेसाठी राखून ठेविले आहेत. म्हणजे मज्जातंतूंची वेदना आणि ऊतींची वेदना हा वैद्यकीय भेद बोलीने आधीच पुष्कळसा केलेला आहे.

३. प्रकाश काय करतो

प्रकाशाने रोग बरा करण्याचा शास्त्रीय उपक्रम डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांच्यापासून सुरू झाला. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपयोग केल्याबद्दल त्यांस १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला लेसर १९६० साली तयार झाला. १९६७ साली बुडापेस्ट येथील एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या त्वचेवर क्षीण लेसर-किरण टाकले असता तेथील केस अधिक वेगाने वाढल्याचे त्यांस दिसून आले. कमी शक्तीच्या लेसर-उपचाराचा उगम तेथून मानतात.

‘लेसर’ म्हटले की कापणे व जाळणे डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही होत नाही; त्वचा फार तर किंचित कोमट होते. या गैरसमजामुळे, आणि साधे प्रकाशदीपही वापरात आल्यामुळे, अलीकडे या उपचारास ‘प्रकाशजैवनियमन’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले आहे. तांबडा किंवा त्याहून दीर्घ तरंगलांबीचा, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतील तंतुकणिकांमधले सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ हे विकर शोषून घेते, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह उणावतो, अशी प्रचलित उपपत्ती आहे. वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचे संदेशवहन या प्रकाशाने काही काळ मंदावते, असेही प्रयोगांत आढळले आहे.

या उपचारात मात्रेला फार महत्त्व आहे. तरंगलांबी, शक्ती, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पडणारी ऊर्जा आणि बैठकींची संख्या यांपैकी एकही बदलले तर उपचार बदलतो. मात्रा फार कमी असेल तर परिणाम होत नाही. फार वाढली तर परिणाम पुन्हा उणावतो. शिवाय त्वचेतील कृष्णरंजक ६३३ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश ८३० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापेक्षा अधिक शोषून घेते. उन्हात राबणाऱ्या सावळ्या त्वचेवर गोऱ्या त्वचेसाठी ठरविलेली मात्रा जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. अवरक्त किरण दिसत नसल्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा असणेही आवश्यक असते.

४. पुराव्याचे मोल

मज्जाशूलावरील या उपचाराची एक आरंभीची परीक्षा इंग्लंडमध्ये मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. तिचा वृत्तान्त १९८८ साली प्रसिद्ध झाला. तीत रुग्णास व नोंद घेणाऱ्यास दोघांसही न कळू देता खरा व खोटा प्रकाश पाळीपाळीने देण्यात आला. खऱ्या प्रकाशाने वेदना अधिक उतरल्याचे आढळले. अवरक्त प्रकाश अदृश्य असल्यामुळे अशी परीक्षा शक्य होते. दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या बाबतीत खऱ्याखोट्याचे गुपित राखणे कठीण जाते. पण रुग्ण थोडे होते. आणि पाळीपाळीच्या पद्धतीत पहिल्या उपचाराचा परिणाम दुसऱ्या पाळीत उरण्याचा संभव असतो. त्यानंतरच्या परीक्षाही बहुधा लहानच आहेत, आणि त्यांतील मात्रा एकमेकींशी जुळत नाहीत. कर्करोगाच्या उपचारात तोंड येऊ नये म्हणून या प्रकाशाची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांत झाली आहे. मज्जाशूलाच्या बाबतीत पहिल्या पंक्तीचा मान अद्याप अ‍ॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन ही औषधे आणि लिडोकेनची पट्टी यांनाच आहे. तेव्हा प्रकाशोपचार हा आशादायक, सहसा निरुपद्रवी, परंतु पूर्णपणे सिद्ध न झालेला पूरक उपचार होय, असेच म्हणावे लागते.

येथे एक अडचण मुद्दाम सांगितली पाहिजे. पुष्कळ रुग्णांचा मज्जाशूल काही महिन्यांत आपोआप उणावत जातो. त्या काळात जो उपाय चालू असेल, मग तो मंत्र असो, गेरूचा लेप असो वा लेसर असो, त्याच्या पदरी यश पडते. म्हणून ‘मला बरे वाटले’ ही साक्ष प्रामाणिक असूनही उपायाचा पुरावा ठरत नाही. मुंबईत जन्मलेले दिनशा घडियाली यांनी १९२० च्या सुमारास अमेरिकेत रंगीत प्रकाशाचे यंत्र पुढे आणले आणि त्याने बहुतेक सर्व रोग बरे होतात असा दावा केला. त्यांच्या बाजूने बोलणारे समाधानी लोक पुष्कळ होते. तरीही १९४७ साली तेथील न्यायालयाने खोट्या दाव्यांबद्दल त्यांस दोषी ठरविले. फिन्सेन आणि घडियाली दोघेही प्रकाशाविषयीच बोलत होते. फरक होता तो दाव्याची व्याप्ती मर्यादित ठेवून ती तपासण्यात.

५. भंडाऱ्याची बोली आणि वेदनेची मोजणी

रुग्णाचा शब्द अपुरा, पण त्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा तो शिस्तीने नोंदविणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनावाचक शब्दांची प्रश्नावली तयार केली. मज्जातंतूंची वेदना ओळखण्यासाठी फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावलीत दहा बाबी आहेत. त्यांपैकी सात रुग्णाच्या शब्दांवर अवलंबून असून, दहांपैकी चार गुण मिळाले की वेदना मज्जातंतूंची मानतात. अशा प्रश्नावलीचे भाषांतर किती नाजूक असते, पाहा. तिच्यातील एका संवेदनेचे फ्रेंच नाव ‘मुंगी’ या अर्थाच्या शब्दापासूनच झाले आहे, आणि आपला ‘मुंग्या येणे’ हा प्रयोग त्याच्याशी तंतोतंत जुळतो. तिच्या लगतची दुसरी संवेदना बारीक टोचणीची आहे. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्याने दोहोंसाठी ‘मुंग्या’ हाच शब्द योजला, तर एका संवेदनेला दोन गुण मिळतील आणि निदान सरकेल.

भंडारा जिल्ह्यात ही नाजुकता अधिक वाढते. येथील झाडीबोलीत ण-काराचा न-कार होतो. ‘नागीण’ येथे ‘नागीन’ आहे. ळ-काराच्या जागी र-कार येतो. हा नियम लाविला असता ‘जळजळ’चा उच्चार ‘जरजर’ आणि ‘कळ’चा ‘कर’ असा अपेक्षित आहे. पुण्याकडून आलेल्या तरुण डॉक्टरास ‘कर येते’ या वाक्याचा बोध होणे कठीण; मग वेदनेचा दुसरा पदर नोंदवहीत येणारच नाही. याखेरीज जिल्ह्यात पोवारी व गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत, त्यांचा प्रश्न निराळाच.

वेदनेच्या मात्रेविषयीही असेच म्हणता येईल. शून्य ते दहा या अंकांत वेदना सांगा, असे म्हटले की अनेक वृद्ध गोंधळतात. परंतु ‘बारा आणे फरक पडला’, ‘चार आणे दुखणे उरले’ असे तेच वृद्ध सहज बोलतात. आणे चलनातून गेले, तरी मोजमाप म्हणून भाषेत टिकून आहेत. शिवाय पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की काय होते, हे धानाच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. सोळा आण्यांची मोजपट्टी अंकांच्या मोजपट्टीशी ताडून पाहणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. तसेच भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सात तालुक्यांतून वेदनावाचक शब्द, त्यांची क्रियापदे आणि त्यांचे प्रसंग गोळा करून एक छोटा कोश सिद्ध करता येईल. तो वैद्यांच्या हाती पडला, तर प्रकाशोपचारच नव्हे, तर कोणत्याही वेदनाहारक उपचाराची परीक्षा या भागात अधिक विश्वासाने घेता येईल.

तोपर्यंत रुग्णाच्या दृष्टीने हिशेब असा राहतो. पुरळ दिसताच तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीपुढील व्यक्तींनी २०२३ पासून भारतात मिळू लागलेल्या प्रतिबंधक लशीविषयी विचारावे. मात्र ती महाग आहे. वेदना मागे राहिली तर आधी प्रस्थापित औषधे घ्यावीत. प्रकाशोपचार घ्यावयाचाच असेल, तर तरंगलांबी, मात्रा व बैठकींची संख्या आरंभीच विचारून घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून आग, कळ व स्पर्शाची वेदना यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. आग आठ आण्यांवर आली आणि कळ तशीच राहिली, तर ‘थोडे बरे आहे’ एवढ्या उत्तराने ते कळत नाही. पुढील बैठकींवर पैसे खर्च करावेत की नाही, हे मात्र नेमके त्यावरूनच ठरवावयाचे असते.