पेशीतलं बिऱ्हाड (भाग ९) : जनुक नसलं म्हणजे

मायटोकॉन्ड्रियाजवळ स्वतःची जनुकं किती? माणसात ३७. त्यांतली प्रथिनं बनवणारी जेमतेम १३. लागतात मात्र हजारावर प्रथिनं, आणि ती केंद्रकातल्या जनुकांवरून तयार होऊन बाहेरून आत येतात. मागच्या आठवड्यात आपण इथवर आलो होतो. बिऱ्हाडकरूचा बराचसा संसार घरमालकाच्या हातात आहे, हे झालं. आता त्यातलं कोणतं काम कोणतं जनुक बघतं, हे ओळखायचं कसं?

जीवशास्त्राची रीत सरळ आहे, थोडी निर्दयही. ते जनुक काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशी घ्यायच्या, त्यांतलं नेमकं एक जनुक निकामी करायचं, त्या पेशी दुसऱ्या भ्रूणात सोडायच्या आणि पुढच्या पिढ्यांतून दोन्ही प्रती निकामी असलेली पिल्लं मिळवायची. हे नॉकआउट उंदीर. असे पहिले उंदीर १९८९मध्ये जन्मले. २००७चं नोबेल या तंत्रासाठी मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना मिळालं.

आपल्या विषयातलं गाजलेलं जनुक टीफॅम. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गुंडाळून सांभाळायचा आणि त्याचं वाचनही सुरू करून द्यायचं, ही त्याच्या प्रथिनाची कामं. स्वीडनमध्ये निल्स-योरान लार्सन यांच्या गटाने १९९८मध्ये हे जनुक उंदरातून काढलं. दोन्ही प्रती नसलेले भ्रूण पोटातच गेले. एक प्रत उरलेले उंदीर जगले, पण त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सुमारे एक तृतीयांशाने घटला होता. मग जनुक सगळीकडून न काढता हवं त्याच अवयवातून काढायची युक्ती वापरली. हृदयातून काढलं तेव्हा हृदय फुगलं, सैल पडलं आणि पिल्लं काही आठवड्यांत दगावली. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींतून काढलं, तर उंदीर मोठा होईपर्यंत ठीक राहिला आणि मग हळूहळू त्याच्या हालचाली पार्किन्सनच्या रुग्णासारख्या मंदावल्या. जनुक तेच, कुठून गेलं त्यावर आजार ठरला.

पण केंद्रकातलं एखादं जनुक नसलं की मायटोकॉन्ड्रिया काय करतात, हे बघायला आपल्या वाचकांना स्टॉकहोम गाठायला नको. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात हाच खेळ भाताच्या लोंबीत चालतो, आणि तोही संशोधनाचा विषय म्हणून कमी, कामाचं साधन म्हणून जास्त.

१९८९च्या अखेरीस देशात संकरित भाताचा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या मोजक्या केंद्रांपैकी कर्जत एक. १९९८मध्ये तिथून ‘सह्याद्री’ हे संकरित वाण आलं, पुढे सह्याद्री-२, ३ आणि ४. संकर करायचा तर अडचण अशी, की भाताचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. प्रत्येक फुलातले परागकोश चिमट्याने काढत बसलं तर शेतभर बी कसं व्हायचं? म्हणून आई म्हणून असं वाण लागतं, की ज्याचे परागच वांझ आहेत. अशा वाणाचं मूळ चीनच्या हैनान बेटावर १९७०मध्ये भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना सापडलेल्या एका रानटी भातात आहे. त्याचा वांझपणा मायटोकॉन्ड्रियात बसलेला. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, त्यामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. सह्याद्री वाणांची आई आयआर ५८०२५ ए हीसुद्धा याच वंशातली.

दोषी जनुक २०१३मध्ये ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं : डब्ल्यूए३५२. त्याचं प्रथिन परागकोशाच्या आतल्या अस्तरात साचतं आणि कॉक्स११ या केंद्रकाकडून आलेल्या प्रथिनाला अडवतं. परागांना पोसणारं ते अस्तर वेळेआधीच मरतं. बाकी रोप हिरवंगार, फुटवे भरपूर, लोंबी डौलदार. पराग तेवढे मेलेले. सूक्ष्मदर्शकाखाली आयोडीन टाकलं की चांगला पराग काळानिळा होतो, हा सुरकुतलेला तसाच फिका राहतो.

मग शेतकऱ्याच्या सह्याद्रीत दाणा भरतो कसा? बापाकडून आलेल्या जनुकांमुळे. आरएफ३ आणि आरएफ४ ही केंद्रकातली जनुकं डब्ल्यूए३५२चं तोंड दाबतात. म्हणजे सह्याद्रीच्या शेतातल्या प्रत्येक रोपात आईकडचा उपद्व्याप हजर असतो आणि बापाकडचा बंदोबस्तही.

गंमत पुढच्या हंगामात होते. संकरिताचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, ते परवडत नाही म्हणून कुणी घरचंच ठेवलं आणि पेरलं, तर शेत उंचसखल दिसतं. काही रोपांच्या वाट्याला बंदोबस्ताची जनुकं येतच नाहीत, उपद्व्याप मात्र सगळ्यांकडे. अशा रोपाच्या लोंबीवर फुलण्याआधी कागदी पिशवी चढवली, की शेजारचा पराग पोचत नाही आणि आत पोचट दाणे उरतात. कुणी न काढता जनुक नसलेली ही रोपं! मला ती नॉकआउट उंदराची गावठी भावंडं वाटतात.

भावंडं, पण जुळी नव्हेत. त्या शेतात आरएफबरोबर इतर हजारो जनुकंही पिसली गेलेली असतात. उंची, फुलोऱ्याची वेळ, सगळंच वेगळं. बिघाड दिसतो, पण तो कुणामुळे हे शेत सांगत नाही. उंदराच्या प्रयोगाची खरी किंमत इथं कळते : बाकी सगळं सारखं, फरक एकाच जनुकाचा.

तरीही उंदीर दरवेळी खरं बोलतो असं नाही. पार्किन हे बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाची विल्हेवाट लावणाऱ्या साखळीतलं जनुक. माणसात ते बिघडलं की तरुणपणीच पार्किन्सन होऊ शकतो, हे जपानी गटाने १९९८मध्ये दाखवलं. पार्किन नसलेले उंदीर तयार झाले, तेव्हा त्यांच्या डोपामिन पेशी शाबूत निघाल्या. जनुक काढल्यावर काही बिघडलं नाही, एवढ्यावरून ते बिनकामाचं ठरत नाही. एखादं दुसरं जनुक त्याची उणीव भरून काढत असेल, किंवा उंदराचं दोन-तीन वर्षांचं आयुष्य त्या आजाराला अपुरं पडत असेल.

हे सारे प्रयोग केंद्रकातल्या जनुकांवरचे. खुद्द मायटोकॉन्ड्रियातलं जनुक काढणं फार अवघड, कारण क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीला वाट दाखवणारा आरएनए आत नेणंच कठीण जातं. २०१९मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी आरएनए न लागणारी, प्रथिनाचीच कात्री वापरली आणि तिला मायटोकॉन्ड्रियाचा पत्ता चिकटवून आत धाडलं. त्यांनी भातातलं वांझपणाचं ओआरएफ७९ हे जनुक कापलं. ते मुळात बंगालच्या चिनसुरा बोरो भातातलं. बंदोबस्ताच्या जनुकाशिवाय त्या रोपांच्या लोंब्यांत दाणे भरले. त्याच जातीची कात्री उंदरातल्या सदोष मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर २०१८मध्येच चालवून झाली होती. पुढचा भाग त्या उंदरांचा.