कमतरता आणि कारण : अतिदक्षता विभागातील ‘ड’ जीवनसत्त्व

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळते. ज्यांच्यात ते फार कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक, असे निरीक्षणांतून वारंवार दिसले आहे. त्यावरून ‘जीवनसत्त्व द्या, रुग्ण वाचेल’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो कितपत रास्त आहे?

‘ड’ हे नावाने जीवनसत्त्व असले, तरी कार्याने संप्रेरकाचे पूर्वरूप आहे. उन्हातील अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. यकृतात त्याचे एक रूपांतर होते, मूत्रपिंडात दुसरे, आणि मग ते कार्यक्षम बनते. अन्नातील कॅल्शियम शोषले जावे, हे पाहणे त्याचे मुख्य काम. रोगप्रतिकारक पेशींवरही त्याचा प्रभाव पडतो. रक्ततपासणीत मोजतात ते यकृतात तयार होणारे रूप. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमहून कमी प्रमाण ही सामान्यतः कमतरता मानली जाते.

गंभीर रुग्णात हा आकडा दोन प्रकारे खाली येतो. वृद्धत्व किंवा दीर्घ आजारामुळे घराबाहेर न पडलेल्या माणसात ते आधीच कमी असते. शिवाय तीव्र आजारात या जीवनसत्त्वाला रक्तातून वाहून नेणारे प्रथिन घटते आणि शिरेतून दिलेल्या द्रवांनी रक्त पातळ होते. म्हणजे कमी आकडा हे आजाराचे कारण नसून त्याचा परिणामही असू शकतो.

याचा निवाडा प्रयोगानेच होतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे अशा रुग्णांपैकी काहींना ५,४०,००० एककांची मोठी मात्रा व नंतर दरमहा ९०,००० एकके दिली. इतरांना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. मात्र तीव्र कमतरता असलेल्या गटात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ४६.१ टक्क्यांऐवजी २८.६ टक्के दिसले. आशा वाढली, पण तो मुख्य प्रश्न नव्हता, एका उपगटातील नोंद होती.

पुढे अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांवर तितक्याच मात्रेचा प्रयोग झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या दिवशी औषध मिळालेल्यांच्या रक्तातील सरासरी प्रमाण ४६.९ नॅनोग्रॅम होते, इतरांचे ११.४. आकडा सुधारला, पण ९० दिवसांतील मृत्यू अनुक्रमे २३.५ व २०.६ टक्के राहिले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. कमतरता किती तीव्र आहे, यानेही निष्कर्ष बदलला नाही.

याचा अर्थ ‘ड’ जीवनसत्त्व निरुपयोगी आहे, असा नव्हे. प्रौढाची रोजची गरज सुमारे ६०० एकके धरतात. ती दीर्घकाळ न भागल्यास हाडे ठिसूळ होतात. कमतरता असेल तर वैद्यकीय सल्ल्याने ती भरून काढावीच. स्वतःच्या मनाने मोठ्या मात्रा मात्र घेऊ नयेत. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

आरोग्यविषयक लेखन करणाऱ्यांनी व शिकवणाऱ्यांनी येथे क्रियापदे जपून वापरावीत. ‘कमतरतेसोबत मृत्यू अधिक आढळतात’ हे विधान निरीक्षणाचे आहे. ‘कमतरतेमुळे मृत्यू होतात’ हे कार्यकारणाचे. पहिल्यावरून दुसरे लिहिले, तर रुग्णाचे नातेवाईक एका गोळीवर विसंबतात, आणि ती देत नाहीत म्हणून डॉक्टरांवर अविश्वास दाखवतात.