एकटी आई, एकटा बाप : एक मागोवा

पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेले तेव्हा पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पोरीला कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला, पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. कर्व्यांनी १८९३ मध्ये शारदा सदनाच्याच विद्यार्थिनीशी, बालविधवा गोदूबाईंशी, लग्न केलं. विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. बायको गेल्यावर दोन वर्षांनी ते पुन्हा बोहल्यावर चढले, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. पुरुषाचं दुसरेपण ही रोजचीच गोष्ट होती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांनीसुद्धा पहिली पत्नी गेली त्याच वर्षी, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं.

एकल पालकत्वाचा आपल्याकडचा इतिहास या फरकातून सुरू होतो. उच्चवर्णीय विधवेला दुसरं लग्न जवळपास नव्हतंच, हाती पैसा नव्हता आणि सणासमारंभात तिची सावलीही नको होती. लेकरं मात्र तिचीच असत आणि त्यांना वाढवण्याची सवय तिच्या हाताला होती. विधुराला यातलं काहीच सोसावं लागत नसे. आजी, आत्या, काकू पोरं सांभाळत आणि वर्षा-दोन वर्षांत नवी बायको येई. घर बाईमाणसाविना राहतच नसे. ‘माय मरो पण मावशी जगो’ म्हणणाऱ्यांनी बापाला हिशेबातच धरलं नव्हतं. त्यामुळे एकट्याने मूल वाढवण्याची वेळ बापावर आली नाही आणि त्याला ते शिकावंही लागलं नाही. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांतल्या पुरुषांनी मोजली.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, पण सावकाश. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालकाचा मान आधी बापाला दिला आणि ‘त्याच्यानंतर’ आईला. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा हाच शब्द आडवा आला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ ‘बापाच्या गैरहजेरीत’ असा लावला आणि बाप जिवंत असतानाही आई पालक ठरू शकते हे मान्य झालं. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालकत्व मागण्याची मुभा मिळाली. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं महाराष्ट्राने सक्तीचं केलं.

जोडीदार गेल्यावर माणसाचं काय होतं, याचा अभ्यास याच काळात परदेशांत होत होता. १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी पंचावन्नच्या पुढच्या ४,४८६ विधुरांची नोंद मांडली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डेब्रा अंबरसन आणि सहकाऱ्यांनी जोडीदार गेलेल्यांच्या नैराश्याच्या मुळाशी काय आहे ते तपासलं. बाईच्या नैराश्यामागे मुख्यतः पैशाची ओढाताण निघाली, तर पुरुषाच्या नैराश्यामागे घर चालवण्याचा ताण. हे अभ्यास खास मुलं वाढवणाऱ्या पालकांचे नव्हते. ती उणीव २०१८ मध्ये कॅनडातल्या मारिया चिऊ आणि सहकाऱ्यांनी भरून काढली. त्यांनी चाळीस हजारांवर पालकांचा माग घेतला. वय, उत्पन्न, आजार यांचा हिशेब धरूनही एकट्या बापांचा मृत्यूचा धोका एकट्या आयांच्या दुपटीहून अधिक निघाला.

गरिबी आयांच्या वाट्याला जास्त, मग मरण बापांच्या वाट्याला जास्त का? आकडे थेट उत्तर देत नाहीत, पण आपल्या गल्लीत ते दिसतं. एकटी आई बहिणीला फोन करते, शेजारणीपाशी रडते, बचत गटाच्या बैठकीला जाते. एकटा बाप सकाळी मुलीची वेणी जमेल तशी घालतो, डबा भरतो, शाळेच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्या आयांमध्ये गप्प राहतो. कुणी विचारलंच तर ‘चाललंय’ म्हणतो. रात्री काहीजण बाटली जवळ करतात. बायको होती तोवर नातेवाइकांचे फोन, डॉक्टरची तारीख, मित्राकडचं जेवण सगळं तिच्याच हातून चालायचं. ती गेल्यावर हे दोरही तुटतात.

आयांचं दुखणं महाराष्ट्राने फार जवळून पाहिलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना २००६ पासून एक लाखाची मदत मिळू लागली, पण ती मिळण्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागे. नवऱ्याचं कर्ज, सातबाऱ्यावरचं नाव, सासरच्यांची नजर आणि तहसीलचे हेलपाटे यांतून सवड मिळाली तरच दुःख करायचं. कोविडने हेच दुखणं शहरांतही आणलं. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. बाईचं बरंचसं दुःख लोकांनी लादलेलं असतं, हे एका गावाने लेखी मान्य केलं.

बापांसाठी असा ठराव झालेला नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत महिलांना बालसंगोपन रजा २००८ मध्ये मिळाली, एकट्या पुरुषांना २०१८ मध्ये. रजा मिळाली तरी तिचं काय करायचं, हे सांगणारं माणूस घरात नसतं.

एवढ्या वाटचालीवरून माझं मत असं झालं आहे की ‘एकल पालक’ म्हणून दोघांना एकाच मापाने मदत करण्यात अर्थ नाही. आईला पैसा, कागदपत्रं आणि समारंभातली बरोबरीची जागा द्या, म्हणजे ती बहुतेक वेळा स्वतःच सावरते. बापाला नुसता पैसा पुरत नाही. त्याला जेवायला बोलवा, पालकसभेत बोलतं करा आणि ‘चाललंय’वर न थांबता दुसऱ्यांदा विचारा. आणि घरातल्या मुलग्याला आजच कुकर लावायला आणि मनातलं बोलायला शिकवा.