जागा कोणी खाल्ली? संशोधकासाठी ‘डीयू’ची ओळख

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. शुक्रवारी रात्री लॅबच्या सर्व्हरवर एक जॉब लावला आणि निवांत घरी गेले. रविवारी सकाळी बघते तर ३१ तास चालून जॉब मेलेला. एरर एका ओळीची: डिस्क कोटा संपला. रिझल्टच्या शेवटच्या फाईल्स तयार झालेल्या, पण आत काहीच नाही, शून्य बाइट.

घाईघाईत मी ‘एलएस -एलएच’ चालवलं. यादीत ८० जीबीची एक फाईल दिसली. आमच्या सीनियर दादाने करून दिलेल्या व्हर्च्युअल मशीनची ती इमेज होती. बरेच महिने उघडली नव्हती. म्हटलं, हिनेच जागा खाल्ली, आणि उडवली. कोटा पुन्हा तपासला तर मोकळी झाली होती फक्त ६ जीबी! उरलेली ७४ जीबी कुठे गेली? त्या दिवशी मला ‘डीयू’ ही कमांड माहीत असती, तर ती फाईल वाचली असती.

(खालच्या सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाईप करताना अर्थातच इंग्रजीतली लहान अक्षरं वापरायची; फक्त एलएसओएफच्या ‘+एल१’मधला ‘एल’ मोठा.)

डीयू म्हणजे काय?

डीयू म्हणजे ‘डिस्क यूसेज’. ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे, आणि आज लिनक्स किंवा मॅकवर वेगळं काही इन्स्टॉल न करता मिळते. तिचं काम साधं आहे. तुम्ही दिलेल्या फोल्डरमध्ये ती शिरते, आतल्या प्रत्येक सबफोल्डरमध्ये जाते आणि प्रत्येक फाईलसाठी फाईलसिस्टिमला विचारते, ‘हिला डिस्कवर किती जागा दिली आहेस?’ मग बेरीज करून सांगते. फाईल उघडून वाचत नाही, काही बदलत नाही. त्यामुळे चालवायला घाबरायचं कारण नाही.

रोजच्या वापरात दोनच प्रकार पुरतात:

१. `डीयू -एसएच डेटा`
‘एस’मुळे फक्त एकूण बेरीज दिसते, ‘एच’मुळे आकडा माणसाला कळेल असा, म्हणजे केबी-एमबी-जीबीमध्ये येतो.

२. `डीयू -एच -डी १ . | सॉर्ट -एच`
‘डी १’ म्हणजे एकच पातळी खाली दाखव. टिंब म्हणजे मी आत्ता आहे ते फोल्डर. उभ्या रेघेने आउटपुट सॉर्टकडे जातं आणि सगळ्यात मोठं फोल्डर यादीत शेवटी येतं. मग त्या फोल्डरमध्ये शिरायचं आणि हीच कमांड पुन्हा द्यायची. तीन-चार पायऱ्यांत चोर सापडतो.

सॉर्टला ‘एच’ द्यायला विसरू नका. नाहीतर ते आकडे साध्या मजकुरासारखे लावतं, आणि ९०० केबी हे २ जीबीपेक्षा मोठं ठरतं.

लपलेली फोल्डर्स

बरेच जण `डीयू -एसएच *` असं चालवतात. यात एक खोच आहे: टिंबाने सुरू होणारी फोल्डर्स त्या चांदणीत येत नाहीत. संशोधन करणाऱ्यांचा कचरा नेमका तिथेच साठतो. पिप डाउनलोड केलेली पॅकेजेस ‘.कॅश’मध्ये ठेवतं, मशीन लर्निंगच्या लायब्ऱ्या मॉडेल्स तिथेच उतरवतात. वर दिलेली दुसरी कमांड चांदणीऐवजी टिंब वापरते, म्हणून लपलेली फोल्डर्सही मोजते. माझ्या बाबतीत खरा चोर तिथेच होता: ‘.कॅश’मध्ये २७ जीबी. पुन्हा डाउनलोड करता येईल असा माल, आणि मी उडवली ती मात्र परत न मिळणारी फाईल.

एलएस आणि डीयूचे आकडे का जुळत नाहीत?

हा भाग नीट समजून घ्या, कारण माझी चूक इथेच झाली. एलएस फाईलची लांबी सांगतं, म्हणजे फाईल किती बाइटची आहे ते. डीयू सांगतं की तिच्यासाठी डिस्कवरची किती जागा अडली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फाईलसिस्टिम जागा ठोकळ्यांत वाटते. लिनक्सच्या नेहमीच्या ‘ईएक्सटी४’मध्ये एक ठोकळा बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. २०० बाइटच्या फाईललाही एक अख्खा ठोकळा लागतो. समजा सिम्युलेशनने अशा १ लाख फाईल्स लिहिल्या. मजकूर भरेल २ कोटी बाइट, म्हणजे साधारण २० एमबी. पण डिस्कवर अडतील सुमारे ४०० एमबी, म्हणजे वीसपट. म्हणून बारीकसारीक फाईल्सचा ढीग करण्यापेक्षा त्या एकत्र बांधून ठेवाव्यात.

उलटंही होतं. व्हर्च्युअल मशीनची इमेज ही बऱ्याचदा ‘स्पार्स’ फाईल असते. तिची लांबी ८० जीबी, पण आत जिथे अजून काही लिहिलेलंच नाही तिथे ठोकळे दिलेलेच नसतात. वही २०० पानी आहे असं कव्हरवर छापलंय, पण पानं मात्र लिहाल तशी मिळतात, असं काहीसं. माझ्या फाईलमध्ये खरी पानं ६ जीबीचीच होती. डीयूने तो ६ चा आकडा लगेच दाखवला असता. `--ॲपरंट-साईज` हा पर्याय दिला की लिनक्सवरचं डीयू लांबीही सांगतं; दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

तिसरा प्रकार हार्ड लिंकचा, म्हणजे एकाच डेटाची दोन नावं. काँडा वापरणाऱ्यांनी इथे लक्ष द्या. काँडा शक्य असेल तिथे पॅकेजच्या फाईल्स एन्व्हायर्नमेंटमध्ये कॉपी न करता हार्ड लिंकने जोडतं. त्यामुळे दोन्ही फोल्डर्स वेगवेगळी मोजली तर तीच फाईल दोन्हीकडे मोजली जाते. एकाच कमांडमध्ये दोन्ही दिली तर डीयू ती एकदाच धरतं. म्हणजे वेगवेगळ्या आकड्यांची बेरीज करून ‘एवढी जागा सुटेल’ असा हिशोब मांडू नका.

डीएफ म्हणतं भरलंय, डीयूला काही सापडत नाही

डीएफ ही डीयूची बहीण. ती फोल्डर मोजत नाही, अख्ख्या फाईलसिस्टिमलाच विचारते की किती वापरलं आणि किती शिल्लक आहे. कधी कधी डीएफचा आकडा डीयूपेक्षा खूप मोठा येतो. नेहमीचं कारण असं: चालू प्रोग्रॅम जिच्यात लिहितोय अशी लॉग फाईल तुम्ही डिलीट केलेली असते. नाव गेलं, म्हणून डीयूला ती दिसत नाही. पण प्रोग्रॅमने ती उघडी धरली आहे तोवर जागा सुटत नाही. `एलएसओएफ +एल१` चालवलं की अशा फाईल्स कळतात; तो प्रोग्रॅम बंद केला की जागा मोकळी.

दुसरं कारण परवानगीचं. ज्या फोल्डरमध्ये तुम्हाला शिरता येत नाही, त्याचा आतला हिशोब डीयू धरूच शकत नाही. म्हणून ‘परमिशन डिनाइड’ असे मेसेज आले तर एकूण आकडा कमी आहे असं समजा.

आणि १ टीबीची हार्डडिस्क कॉम्प्युटरवर ९३१ का दिसते? विकणारा १,००० च्या पटीत मोजतो, ‘-एच’ १,०२४ च्या. चोरी कोणी केलेली नसते.

काही सवयी

- सगळ्यांच्या सामाईक सर्व्हरवर डीयू दर पाच मिनिटांनी चालवू नका. लाखो फाईल्स असतील तर तेवढ्या वेळा चौकशी होते आणि इतरांचं कामही मंदावतं. एकदा चालवा, आउटपुट तारखेसह फाईलमध्ये ठेवा.
- कोटा कधी कधी फाईल्सच्या संख्येवरही असतो. लिनक्सवर `डीयू --आयनोड्स` जागेऐवजी संख्या मोजतं.
- ‘एनसीडीयू’ हे डीयूचंच बाणांच्या कळांनी फिरता येईल असं रूप आहे. छान आहे, पण त्यात ‘डी’ दाबलं की डिलीट होतं. सुरुवातीला ‘-आर’ देऊन फक्त बघण्यापुरतं वापरा.
- मोठा जॉब लावण्याआधी एक छोटा रन करून त्याचं आउटपुट डीयूने मोजा आणि गुणाकार करा. माझे ३१ तास एवढ्यानेच वाचले असते.

ती इमेज परत मिळाली नाही. तिच्यात एक जुना प्रोग्रॅम होता, जो नव्या सिस्टिमवर कंपाईलच होत नाही. बॅकअप नव्हता. तो सेटअप पुन्हा उभा करायला मला तीन आठवडे लागले. दादाला फोन करून सांगितलं तेव्हा तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, “अगं, साईज बघितलीस, पण ही परत कुठून मिळेल ते बघितलंस का?”

डीयू पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, तेही चोख. दुसरा प्रश्न कुठल्याच कमांडला विचारता येत नाही. तो डिलीट करण्याआधी स्वतःला विचारा.