कथा कोण सांगतंय?

साहित्याच्या संज्ञा : लेखांक ६ – निवेदक

मागच्या लेखांकात आपण कथानक पाहिलं. घटना कोणत्या क्रमाने मांडायच्या हे ठरलं, तरी लेखकापुढे एक प्रश्न उरतोच : त्या सांगायच्या कोणाच्या तोंडून? कथेत ज्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो निवेदक. निवेदक बदलला की वाचकाला काय कळणार आणि काय लपून राहणार, हेही बदलतं.

एक साधा प्रसंग घेऊ.

‘रमाकांतने पाकीट टेबलावर ठेवलं. आत राजीनामा होता. सुमनला त्याचा पत्ता नव्हता.’ इथला निवेदक सगळ्यांच्या मनातलं जाणतो. हा सर्वज्ञ निवेदक.

‘रमाकांतने पाकीट टेबलावर ठेवलं. लाइटबिल असेल, म्हणून सुमनने ते फ्रीजवर सरकवलं.’ इथे आपण सुमनच्या नजरेत अडकलो आहोत. निवेदन तृतीयपुरुषीच आहे, पण मर्यादित.

‘मी पाकीट टेबलावर ठेवलं. सुमनने ते न उघडताच फ्रीजवर टाकलं. मला बरंच वाटलं.’ हा प्रथमपुरुषी निवेदक. घटना तीच, पण आता रमाकांतचा भित्रेपणा त्याच्याच तोंडून बाहेर पडला.

यातल्या ‘मी’ला लेखक समजण्याची चूक वाचक हमखास करतो. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. लेखक पुरुष, पण ‘मी’ म्हणून बोलते ती यमू, लहानपणी लग्न झालेली आणि पुढे विधवा झालेली. तिच्या आयुष्याचे निर्णय घरातली वडीलधारी मंडळी घेतात. ते तिच्यापर्यंत जसे पोचतात, तसेच वाचकापर्यंत. बाहेरच्या निवेदकाच्या हाती हीच हकिकत सुधारणेवरचं व्याख्यान होण्याचा धोका होता. यमूच्या तोंडी ती कैफियत झाली.

‘मी’ नायकच असला पाहिजे, असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) सांगणारा आहे तरुण शाळामास्तर राजाराम सौंदणीकर, गोष्ट मात्र धनगरांच्या वाडीची. हा साक्षी निवेदक. मास्तर बाहेरून आलेला, म्हणून वाडीच्या रीतीभाती त्याच्या डोळ्यांत भरतात. वाडीच्याच कारभाऱ्याने हीच गोष्ट सांगितली असती, तर त्यातल्या कितीतरी गोष्टी त्याला सांगण्याजोग्या वाटल्याच नसत्या.

एका आवाजात मावत नाही तेव्हा लेखक अनेकांना बोलतं करतो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. ययाति स्वतःच्या वासनेची कारणं सांगतो तेव्हा ती आपल्याला पटू लागतात. देवयानी बोलू लागली की तीच कारणं सबबी वाटतात. कोणाचं किती मानायचं, हे वाचकाने ठरवायचं. सांगणाऱ्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. तो खोटं बोलतोच असं नाही. बहुतेकदा तो स्वतःचीच समजूत घालत असतो.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) तर सहा निवेदक आहेत : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. प्रथमपुरुषी निवेदनाची एक जुनी अडचण इथे उभी राहते. ‘मी’ म्हणून बोलणारा आपलाच मृत्यू कसा सांगणार? सावंतांनी शेवटचं निवेदन श्रीकृष्णाकडे सोपवलं. त्यामुळे अडचण तर सुटलीच, शिवाय कर्णाबद्दलचा अखेरचा शब्द पांडवांच्या बाजूच्या माणसाकडून आला. मित्राने केलेल्या स्तुतीपेक्षा तो वजनदार ठरतो.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःची टिंगल करत, ‘वगैरे’ची पखरण करत बोलतो. असा निवेदक मोठं दुःखही सहज उडवल्यासारखं सांगतो. तो जिथे थट्टा करतो तिथे वाचकाने जास्त सावध व्हावं.

तेव्हा पुढची कथा हाती घ्याल तेव्हा तीन प्रश्न जवळ ठेवा. सांगणारा कोण? त्याला काय माहीत असणं शक्य नाही? आणि असं सांगण्यात त्याचा काय फायदा? त्यानंतर आवडत्या कथेचा पहिला परिच्छेद दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहून पाहा. परिच्छेद सहज जमला, तर मूळ निवेदकाची निवड सैल होती. कथा मोडली, तर लेखकाने योग्य माणसाला बोलतं केलं होतं.

पुढील लेखांकात : संवाद.