दुधाळ्याचा डेटा परक्या हद्दीतून कसा जाईल?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरी टिपतील. लहर आली कुठून, हे मात्र एकट्या वेधशाळेला नीट सांगता येत नाही. त्यासाठी जगभरच्या वेधशाळांच्या नोंदी लगेच जुळवाव्या लागतात. १७ ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लहर मिळाली, तेव्हा आकाशातली जागा झटपट कळली म्हणूनच दुर्बिणींना त्याच रात्री त्या टकरीचा प्रकाश सापडला.

या नोंदींच्या इतक्या लांबच्या प्रवासात बहुधा एका कंपनीचं जाळं संपतं आणि दुसरीचं सुरू होतं. जिल्ह्यातल्या बँकांच्या शाखांपुढेही हाच प्रश्न असतो. दोन जाळ्यांतून एकच खासगी वाट न्यायची कशी?

पहिली अडचण पत्त्यांची. १०.०.०.० पासून सुरू होणारे खासगी पत्ते कुणीही वापरू शकतं, त्यामुळे दोन ग्राहकांचे पत्ते सर्रास सारखे निघतात. घर क्रमांक १२ औंढ्यातही असतो आणि वसमतलाही. गावाचं नाव जोडलं की घोळ मिटतो. तसाच इथे ४ बाइटच्या पत्त्याआधी ८ बाइटचा वेगळेपणाचा क्रमांक लावतात. प्रत्येक ग्राहकाचा मार्गांचा तक्ताही स्विचवर वेगळा असतो. त्याला व्हीआरएफ म्हणतात. एरिक रोसेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९मध्ये मांडलेली ही रचना आजही चालते.

कंपन्यांच्या सीमेवर तीन पर्याय असतात. पहिल्यात दोन्हीकडचे स्विच प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेतला वेगळा कप्पा, ठेवतात. दुसऱ्यात ते बीजीपी या मार्ग कळवण्याच्या भाषेतून क्रमांकासह मार्ग आणि त्यांची लेबलं, म्हणजे पाकिटावरच्या वाट दाखवणाऱ्या चिठ्ठ्या, एकमेकांना देतात. तिसऱ्यात ग्राहकांचे मार्ग दोन टोकांची यंत्रं परस्पर बोलून ठरवतात, पण त्यासाठी कंपन्यांना आपलं आतलं जाळं एकमेकींना दाखवावं लागतं. ग्राहक मोजके असतील तर पहिलाच पर्याय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात बिघाड कुणाच्या हद्दीत आहे, हे लगेच कळतं.

दुसऱ्या पर्यायात नवखा माणूस हमखास अडकतो. मार्ग कोणत्या व्हीआरएफमध्ये घ्यायचा, हे सांगणारी खूण त्याला जोडलेली असते. ज्या मार्गाची खूण स्थानिक व्हीआरएफमध्ये नाही, तो मार्ग सीमेवरचं यंत्र बहुधा टाकून देतं. ही चाळणी मुद्दाम बंद करावी लागते. दोन्ही कंपन्यांनी खुणाही आधी ठरवून घ्यायला हव्यात. शिवाय प्रत्येक लेबल ४ बाइट वाढवतं. स्विचची कमाल मर्यादा १५०० बाइटवरच राहिली, तर पिंगची छोटी चाचणी सुरळीत जाते आणि मोठी फाइल मात्र अडकून बसते.

अशी वाट वेगळी असते, गुप्त नसते. लेबलांवर चालणारी ही पद्धत, म्हणजे एमपीएलएस, स्वतः काहीही कूटबद्ध करत नाही. जपायचा डेटा असेल तर वरून आयपीसेकचं कूटबद्ध आवरण घालायलाच हवं.

जिल्ह्यातल्या तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी हे हाताने करून पाहावं. लिनक्स आणि एफआरआर ही मोफत प्रणाली घेतली, तर दोन्ही कंपन्यांची जाळी एकाच संगणकात उभी करता येतात. वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिची जाळी सांभाळणारे हात हिंगोलीचेच असावेत. त्याची तयारी आजपासून करा.