एक मिलिमीटर, तेरा लिटर

पेट्रोल पंपाखाली पुरलेली वीस हजार लिटरची टाकी आडवी असते. व्यास साधारण दोन मीटर, लांबी सहा-साडेसहा मीटर. ती निम्मी भरलेली असताना पातळी एक मिलिमीटरने उतरली, तर जवळजवळ तेरा लिटर माल कमी झालेला असतो. पातळी मोजायला टाकीत बुडवलेल्या डिप रॉडवरची ओली रेघ कितीही जपून वाचली, तरी दोन माणसांच्या वाचनात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच. अमेरिकेत 1988च्या नियमांनी दरमहाच्या चाचणीत तासाला सुमारे पाऊण लिटरची गळती पकडली गेली पाहिजे, असं ठरवलं. म्हणजे दिवसाला अठरा लिटर. रॉडवर ते दीड मिलिमीटरही भरत नाही.

मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकजवळच्या आडगावच्या पुढे एका पंपावर मी अशी गळती पकडण्याचं काम पाहिलं. मॅनेजरांनी आधी मोबाइल ऑफिसात ठेवायला लावला आणि मग मॅनहोलचं झाकण उचललं. आत टाकीच्या तळापर्यंत गेलेला एक स्टीलचा दांडा, त्यालाच प्रोब म्हणतात. त्यावर दोन फ्लोट सरकतात, एक तेलावर तरंगणारा आणि दुसरा तळाच्या पाण्यावर. दोन्हींत चुंबक. दांड्याच्या आतल्या तारेतून विजेचा ठोका जातो, चुंबकापाशी तारेला किंचित पीळ बसतो आणि त्या पिळाची लाट वर परत येते. तिला लागलेल्या वेळेवरून पातळी कळते, तीही मिलिमीटरच्या अंशापर्यंत.

पण नुसत्या पातळीवर विश्वास ठेवता येत नाही. पेट्रोल उष्णतेने फुगतं. दहा हजार लिटरमध्ये एका अंशाचा फरक म्हणजे बारा लिटरच्या आसपास. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून दुपारच्या उन्हात आलेला टँकर खाली केला, की तो माल जमिनीखाली कित्येक तास निवत राहतो आणि थेंबही न गळता पातळी उतरते. म्हणून प्रोबवर वेगवेगळ्या उंचीला तापमापक बसवलेले असतात आणि ऑफिसातलं यंत्र तेवढी घट हिशेबातून वजा करतं. जुन्या पद्धतीत ही घट ‘उडालं असेल’ म्हणून सोडून दिली जायची. खरी गळतीही त्याच खात्यात लपायची.

पाण्याचा फ्लोट मला सर्वांत मोलाचा वाटला. पावसाळ्यात भूजल टाकीच्या तळाच्या वर चढलं, तर टाकीला पडलेल्या भोकातून उलट पाणी आत शिरतं. तेव्हा साठा कमी होत नाही, वाढतो, आणि गळतीची पहिली खूण तळाच्या पाण्यात दिसते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने ही खूण अवघड झाली आहे. थोडं पाणी इथेनॉल शोषून घेतं. मर्यादा ओलांडली, की दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. हा थर पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून साधा फ्लोट त्यावर उचलला जाईलच असं नाही. फ्लोट इथेनॉलसाठीचा आहे ना, हे प्रत्येक पंपचालकाने विचारलंच पाहिजे.

इथे हयगय परवडत नाही. नाशिकच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे आणि त्यात पाणी भेगांमधून वाहतं. त्या वाटेने पेट्रोल शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकतं, आणि पेट्रोलमधलं बेंझिन कर्करोगाला कारण ठरतं. टाकीतून अठरा लिटर गेले तर पंपाला ते तोट्याच्या रकान्यात दिसतात, विहिरीवाल्याला मात्र पाण्याला वास येईपर्यंत काही कळत नाही.

यंत्र चोवीस तास आकडे देतं, तरी गळतीची नेमकी चाचणी व्हायची तर टाकी काही तास स्थिर हवी. ना विक्री, ना भरणा. हायवेवर हेच कठीण, कारण ट्रक रात्रभर येतात. या पंपावर डिझेलच्या दोन टाक्या आहेत, त्यामुळे आलटून पालटून एक बंद ठेवता येते. पेट्रोलची एकच. तिची चाचणी रात्री उशिरा लावतात आणि तेवढा वेळ पेट्रोलची नोजल बंद असते. कोणी मोटरसायकलवाला चिडतो. मॅनेजर त्याला पुढचा पंप किती लांब आहे ते सांगतात आणि यंत्राला हात लावत नाहीत.